कडूबाईचा आकडा

३ फेब्रुवारी

किंतु,

पार्सल मिळालं की कळव. आत कडूबाईची पानं आहेत, आपल्या मागच्या अंगणातली, अप्पांच्या त्या जंगलातली. तुझ्या प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रात ती घाल आणि त्यांत औषध म्हणावं असं काही आहे का ते मला लेखी कळव. लेखी म्हणतोय. फोनवर तू "तसं अगदीच म्हणता येणार नाही" म्हणतेस आणि फोन ठेवल्यावर मला कळत नाही की तू हो म्हणालीस का नाही. घरात तुला किंतु हे नाव उगाच पडलेलं नाही. कागदावर तरी तुला कुठेतरी पूर्णविराम द्यावाच लागेल.

प्रकरण असं आहे. दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा नाही. माझे पेशंट दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावतात, गाल धरून चालत येतात, आधी माझ्यावर चिडतात आणि मग तोंड उघडतात. मागचं अंगण मोकळं केलं तर सहा गाड्या सहज लागतील. पण तिथे कडूबाई! कुठे कमरेएवढी, कुठे डोक्याएवढी. आणि मागच्या व्हरांड्यात अप्पा, खोकणाऱ्यांचा दरबार भरवून बसलेले. पुढच्या दाराने येतात ते माझे, मागच्या दाराने येतात ते त्यांचे. माझ्याकडे हातमोजे, मास्क, वाफेतून काढलेली हत्यारं. त्यांच्याकडे काढ्याचं एक काळं पडलेलं पातेलं.

परवा मी स्पष्टच विचारलं, "अप्पा, या पानांत काही आहे याला पुरावा काय?"

"पुरावा आत्ताच चालत घरी गेला. समोरच राहतो."

"तो आठवड्याभरात तसाही बरा झाला असता."

"मग तू काढतोस ते दातही तसे पडलेच असते की. तू कशाला ओढत बसतोस?"

शेवटी चिडून म्हणाले, "तुझी बहीण पानं मोजायची नोकरी करते ना? तिला मोजू दे. यात काही नाही असं तिचं यंत्र म्हणालं, तर मी माझ्या हाताने तुला कोयता देईन." तुझी वहिनी साक्षीला होती.

तेव्हा आता सगळं तुझ्यावर आहे. लवकर कर. फरशीवाला वाट बघतोय.

दादा

*

११ फेब्रुवारी

दादा,

पार्सल मिळालं. साहेबांची परवानगी घेतली, कारण न विचारता घरचं काम यंत्रावर चढवणं मला जमत नाही. ते म्हणाले, "घरचंच आहे ना? मग आकडा किती हवाय?" आमच्याकडे हा प्रश्न थट्टेने विचारतात. थट्टा फार जुनी आहे आणि हसत कोणीच नाही.

काम असं चालतं. पानांची पूड करायची, मोजून द्रावणात भिजवायची, गाळायची आणि यंत्रातून सोडायची. पानातले घटक एकेक करून बाहेर पडतात आणि प्रत्येकाचा आलेखावर एक सुळका उठतो. कडूबाईतल्या मुख्य घटकाचा शुद्ध नमुना आमच्याकडे आहे. त्याच्या सुळक्याशी तुझ्या पानांचा सुळका ताडून पाहायचा. यात जादू नाही. वाण्याच्या तराजूत जेवढी असते तेवढीच.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते. आकडा फक्त एवढंच सांगेल की या पानांत तो एक घटक किती आहे. त्याने खोकला जातो का, हे तो सांगणार नाही. ते काम वेगळं, माणसं वेगळी, आणि त्याला वर्षं लागतात. अप्पांशी बोलताना तू हा परिच्छेद गाळशील हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

आता प्रश्न. पानं किती झुडपांची आहेत? कोवळी का जून? तोडल्यावर त्यांचं काय केलं? आमच्या अर्जावर हे पहिले तीन रकाने असतात आणि ते भरल्याशिवाय मी कोणाचीही पिशवी फोडत नाही. तुझी पिशवी मात्र पाहत राहावी अशी आहे. कडेने सीलबंद, आत धुळीचा कण नाही, किडा नाही, देठ सगळे एका बाजूला. पानं रंगाने काळपट वाटली. उन्हात वाळवलीस का?

"पानं मोजायची नोकरी" हे अप्पांचेच शब्द ना? तू भर घातलेली नाहीस ना? सहज विचारलं.

किंतु

*

१६ फेब्रुवारी

किंतु,

पानांसाठीही अर्ज? वडिलांचं नाव, जन्मठिकाण, लसी टोचल्या का, हेही विचार की. पानं कुठली म्हणजे काय, घरची! दहाबारा झुडपांची आहेत. कोवळी, जून, सगळी आहेत. त्यांना वय विचारायला मला वेळ नव्हता. एकदम स्वच्छ पाठवली आहेत, याहून तुला काय हवं?

शब्द अप्पांचेच आहेत. मी भर घातली असती तर जास्त चांगली घातली असती. पुढे ते म्हणाले होते, "एवढं शिकून पोरगी पानांची कारकून झाली." हे मी तुझं मन राखायला गाळलं होतं. तूच विचारलंस.

फरशीवाल्याने दर वाढवायच्या आत आकडा पाठव.

दादा

*

२७ फेब्रुवारी

दादा,

आकडा ०.०४ टक्के. शंभर ग्रॅम सुक्या पानांत चाळीस मिलिग्रॅम. म्हणजे नसल्यात जमा.

तीनदा करून पाहिलं. यंत्रावर संशय आला म्हणून आमच्या संडासामागच्या कुंपणाला कडूबाई आहे तिची पानं तोडून आणली. तिला कोणी पाणी घालत नाही, शिपाई जाता येता तिच्यावर थुंकतो. तिचा आकडा ०.८. वीसपट! मग दुकानातून 'वनौषधींचा राजा' नावाची खोकल्याची बाटली आणली. तिच्यावर कडूबाईचं पान हिरवंगार छापलेलं आहे. ते छापलेलं पान हाच बाटलीतला कडूबाईचा सर्वांत मोठा अंश निघाला, बाकी साखर. तेव्हा या जगात आकडा नसलेले अप्पा एकटेच नाहीत.

तुला लेखी हवं होतं, हे घे. पण पुन्हा सांगते, ही पानं फक्त तू पाठवलेल्या एका पिशवीतली आहेत. एक पिशवी म्हणजे अख्खं अंगण नव्हे. शक्य असेल तर ताजी पानं पाठव, मी पुन्हा करते. तोवर तोडायची घाई करू नकोस.

आणखी एक लिहायचं होतं. लिहू की नको असं करत दोन दिवस घालवले. आलेख कागदावर उतरला, सुळका उठलाच नाही, तेव्हा मला बरं वाटलं. पानांची कारकून जिंकली असं वाटलं. अप्पा व्हरांड्यात बसून सगळ्या गल्लीला तुच्छ लेखतात, त्यात मलाही लेखतात, आणि आता त्यांच्या पातेल्यात नुसतं गरम पाणी आहे हे माझ्या सहीने सिद्ध होतंय, असं वाटलं. हे वाटणं चांगलं नव्हतं. ज्या आकड्याने आपल्याला बरं वाटतं तो आणखी एकदा तपासावा असा माझा नियम आहे. म्हणूनच ताजी पानं मागितली.

किंतु

*

५ मार्च

किंतु,

शाब्बास! आयुष्यात पहिल्यांदा तू सरळ वाक्य लिहिलंस. "नसल्यात जमा." चौकट करून दवाखान्यात लावावं असं आहे.

काल सकाळी मागच्या व्हरांड्यात खोकणारे बसले होते आणि पुढे माझेही तीन पेशंट. मी मधल्या दारात उभा राहिलो आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. म्हणजे कामाचं तेवढं वाचलं. तुझं "पण", "तरी", "पुन्हा सांगते" वाचत बसलो असतो तर लोकांचे दात किडले असते. संडासामागचं कुंपण मात्र वाचलं, ते फार छान लिहिलं आहेस. सगळे हसले. समोरची शिक्षिकासुद्धा हसली, आणि ती गेली वीस वर्षं अप्पांचा काढा पितेय.

अप्पांनी पातेलं उलटं करून भिंतीला टेकवलं, आत गेले, कोयता आणला आणि माझ्या टेबलावर, निर्जंतुक केलेल्या ट्रेमध्ये ठेवला. तो ट्रे पुन्हा वाफेत टाकावा लागला. दुपारी जेवले नाहीत. रात्री जेवले. काळजी करू नकोस.

माणसं पुढच्या आठवड्यात येतील. ताजी पानं वगैरे आता कशाला? एकदा मेलेल्याची नाडी पुन्हा बघतात का?

आणि तुझ्या साहेबांना सांग, नमुना पाठवावा तर माझ्यासारखा. तू पिशवीचं कौतुक केलंस म्हणून सांगतो. अप्पांच्या अंगणातली ती पानं, त्यांवर चिमण्यांपासून मांजरापर्यंत कोणी काय काय केलं असेल! तुमच्या यंत्रात घाण जाऊ नये म्हणून मी ती आधी खळखळून धुतली, मग माझ्या हत्यारांच्या पिशव्यांत घालून ऑटोक्लेव्हमधून पूर्ण काढली. दाबाची वाफ, एकही जंतू शिल्लक नाही. पानांतून तपकिरी घाण पाणी सुटलं होतं, तेही सगळं निथळून बेसिनमध्ये ओतलं. मग कोरडी करून नव्या पिशवीत सील केली. तुमच्याकडे येणाऱ्या एवढ्या कंपन्यांत असा स्वच्छ नमुना कोणी पाठवला आहे का? विचार त्यांना.

दादा

*

९ मार्च

दादा,

तू पानं उकडलीस.

मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा वहिनी म्हणाली, "त्यांचा हात आत्ता एकाच्या तोंडात आहे." दुसऱ्यांदा तू स्वतः उचललास, मी "अरे ती पानं" एवढंच म्हणाले आणि तू "लेखी दे" म्हणून ठेवलास. घे लेखी.

अप्पा पातेल्यात काय करतात? पानं पाण्यात घालतात, उकळतात, पाणी गाळतात, पाणी देतात, चोथा टाकतात. तू काय केलंस? पानं वाफेत उकडलीस, पाणी गाळलंस, पाणी फेकलंस आणि चोथा मला पाठवलास. तो घटक पाण्यात सहज उतरतो, म्हणून तर काढा करतात. तुझं ते "तपकिरी घाण पाणी" म्हणजे तुझ्या वडिलांचं औषध होतं, दादा. सबंध काढा तू बेसिनला पाजलास. या वर्षी तुझ्या बेसिनला खोकला होणार नाही. आणि दाबाच्या वाफेत आणखी काय काय मोडलं असेल ते वेगळंच.

यंत्र चुकलेलं नाही. त्याला चोथा दिला, त्याने चोथ्याचा खरा आकडा सांगितला. चुकले मी. तोडल्यावर पानांचं काय केलं, हा तिसरा रकाना रिकामा होता. कोणा कंपनीने तो रिकामा ठेवला असता तर मी पिशवी परत पाठवली असती, वर दोन खोचक ओळी लिहून. पण पिशवी तुझी होती, इतकी चकचकीत होती आणि आकडा मला हवा तसा निघाला. काळपट पानं मी डोळ्यांनी पाहिली होती. एकदा विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस, मी पुन्हा विचारलं नाही. एवढी वर्षं लोकांच्या नमुन्यांना नाकं मुरडणाऱ्या बाईने हे करावं!

माझं आधीचं पत्र रद्द समज. कोणी काही तोडायचं नाही. आणि हे पत्र मधल्या दारात उभं राहून, तसंच मोठ्याने, तितक्याच लोकांसमोर वाच. यातलं काहीही गाळू नकोस.

किंतु

*

१५ मार्च

किंतु,

तुझं पत्र अकरा तारखेला दुपारी आलं. माणसं त्या दिवशी सकाळीच येऊन गेली होती.

आता मला शिव्या देऊन काय होणार? तू लिहिलंस "नसल्यात जमा", तुझी सही खाली आहे. मी दातांचा डॉक्टर आहे, पानांचा नव्हे. स्वच्छता हा गुन्हा आहे हे मला कोणी शिकवलेलं नाही. चोथ्याला चोथा म्हणायला तुला तीन आठवडे लागले, ते कोणाच्या खात्यात मांडायचे? तूच सांग.

फरशी बसली. पांढऱ्या पट्ट्या मारल्या, एक ते सहा आकडे घातले. दिसायला उत्तम. फक्त एक अडचण आहे. अप्पा. व्हरांड्यातली खुर्ची उचलून ते एक नंबरच्या चौकटीत बरोबर मधोमध जाऊन बसतात. सकाळी आठला बसतात ते जेवायला उठतात आणि पुन्हा येऊन बसतात. काल एका पेशंटने हॉर्न वाजवला तर म्हणाले, "माझी गाडी लागलेली दिसत नाही का?" खोकणारे येतात, बघतात आणि परत जातात.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं नाही. ऐकायला मागच्या बाजूला आता असतंच कोण? अप्पांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली.

पुन्हा मोजायचं म्हणतेस तर पानं आणणार कुठून?

दादा

*

१८ मार्च

अप्पा,

तुम्ही माझं पत्र खुर्चीखाली घातलंत असं कळलं. हेही त्याच कामाला येईल, पण आधी वाचा.

मी चुकीचा आकडा दिला नाही, चुकीच्या वस्तूचा दिला. तुम्हाला यात फरक दिसणार नाही आणि अंगण गेल्यावर मलाही तो फारसा दिसत नाही. दादाने पानं उकडली हे खरं, पण त्याला विचारणं माझं काम होतं. मी एकदा विचारून सोडून दिलं, कारण मला तुमचा आकडा लहान निघायला हवा होता. तुम्ही मला कारकून म्हणालात ते लागलं होतं. कारकुनाने निदान रकाने तरी भरायला हवे होते.

कुठे पानं मिळाली तर पाठवा. धुऊ नका, उकळू नका, सावलीत वाळवा, नाहीतर ताजीच पाठवा. आणि आधीच सांगते, या वेळीही आकडा लहान निघाला तर मी तो तसाच कळवीन. तुम्हाला बरं वाटावं म्हणून एक शून्यही इकडचं तिकडे करणार नाही.

तुमची मुलगी

*

२६ मार्च

पानं मोजणाऱ्या मुलीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. खुर्ची अजून हलते, त्यामुळे हेही उपयोगी पडलं.

माझ्या पोटी दोन विद्वान निघाले. एक पानं उकडून पाणी फेकतो, दुसरी चोथा मोजून सही करते. दोघांना मिळून एक काढा करता आला नाही. मी तुमच्या शिक्षणावर केलेला खर्च आठवतो आणि गप्प बसतो.

पानं कुठून आणायची असं तुझा भाऊ विचारतो. आयुष्यभर माझ्या घरात राहिला आणि मागच्या दारात काय चालतं ते त्याने पाहिलं नाही. आलेल्या प्रत्येकाला मी काढ्याबरोबर कडूबाईची एक फांदी देत आलो. उदारपणाने नव्हे. तीच माणसं तोच खोकला घेऊन पुन्हा येतात याचा मला वीट आहे. घरी खोच, रोज पाणी घाल, पुढच्या वेळी स्वतः उकळ आणि माझं डोकं खाऊ नकोस, असं सांगून फांदी हातात द्यायचो. निम्म्यांनी वाटेतच फेकली असेल. उरलेल्यांची कुंपणं झाली. आपल्या गल्लीत मान वळवून बघितलं तर दिसतं, पण तुझा भाऊ फक्त तोंडात वाकून बघतो. माझी कडूबाई तोडली असं त्याला वाटतं. त्याने माझी सावली तेवढी तोडली. उन्हाचा त्रास होतो, बाकी काही नाही.

पाच पुड्या पाठवत आहे. शिक्षिका, न्हावी, बसड्रायव्हर आणि चष्म्याचा दुकानदार यांच्या दारातली पानं आहेत, पुड्यांवर लिहिलं आहे. शिक्षिकेने स्वतः आणून दिली. त्या दिवशी हसली होती ना, म्हणून. पाचव्या पुडीवर काही लिहिलेलं नाही, विचारूही नकोस.

प्रत्येकाची उगवतीकडची पानं वेगळी बांधली आहेत. त्यांत जोर जास्त असतो. हे तुझ्या यंत्राला आधी सांगून ठेव, म्हणजे त्याची फजिती होणार नाही.

खर्च किती येतो ते कळवू नकोस. मी देणार नाही.

अप्पा

*

१२ एप्रिल

अप्पा,

आकडे सोबत आहेत. दादालाही हेच पत्र पाठवते आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

शिक्षिका ०.७. न्हावी १.१. ड्रायव्हर ०.६. चष्मेवाला ०.८. नाव नसलेली पुडी ०.९. आमच्या टेबलावर बरण्यांवर तशीच नावं होती, त्यामुळे साहेब येता जाता विचारायचे, "आज न्हाव्याचं काय म्हणणं?" न्हावी पहिला आल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्या दुपारी ते केस कापून आले.

सगळ्या एकाच मुळाच्या फांद्या, तरी आकडे वेगळे. माती, ऊन, पाणी, तोडायची वेळ, यातलं काय किती कारणीभूत आहे ते पाच पुड्यांवरून सांगता येत नाही. सांगता येतं ते इतकंच. तुमच्या कडूबाईत तो घटक आहे, चांगला आहे, आणि मागच्या अंगणातली पानं न उकडता आली असती तर आकडा बहुधा याच घरात पडला असता. बहुधा. तो आता कधीच कळणार नाही.

उगवतीकडच्या पानांत काही जास्त नाही. तीन ठिकाणी फरकच नाही, दोन ठिकाणी मावळतीकडची पानं थोडी पुढे आहेत. यंत्राची फजिती झालेली नाही.

आणि हा घटक आहे म्हणून खोकला जातो, असं मी अजूनही म्हणत नाही.

तुमची मुलगी

*

२१ एप्रिल

मुलीस आशीर्वाद.

उगवतीचं यंत्राला कळलं नाही, त्याला माझा इलाज नाही. त्याला कधी खोकला झाला तर घेऊन ये.

बाकी आकडे न्हाव्याला वाचून दाखवले. तो आता सगळ्या गल्लीत मिरवतो आणि गिऱ्हाइकांना पानं देत नाही. यालाच तू विज्ञान म्हणतेस.

मधली एक ओळ बरी लिहिली आहेस. "तो आता कधीच कळणार नाही." तुझ्या भावाने ती दोनदा वाचली. मी खुर्चीतून बघत होतो.

अप्पा

*

४ मे

किंतु,

तुला कळवायचं म्हणून कळवतो. एक नंबरची जागा रद्द केली. त्या कोपऱ्यात पाणी साचतं. फरशीवाल्याने उतार चुकीचा दिला. तिथल्या चार फरशा काढल्या तर खाली कडूबाईची खोडं अजून जिवंत निघाली, बोटभर कोंब आलेत. ते काढायला पुन्हा माणसं बोलावणं परवडत नाही, म्हणून ठेवले आहेत. अप्पा खुर्ची घेऊन पुन्हा व्हरांड्यात गेले. पातेलं सरळ केलं आहे. कोयता माझ्या कपाटात आहे, परत मागितला तर देईन. मागत नाहीत.

अप्पांचा याच्याशी काही संबंध नाही. पाणी साचतं म्हणून केलं.

आता दुसरं. त्या फरशा काढताना धूळ उडाली, त्याने मला खोकला लागलाय. मास्कमध्ये खोकतो, पेशंट दचकतात. आणि तुझी वहिनी काल सकाळपासून मला गाळलेलं काहीतरी कडू आणून देते. पानं कुठली विचारलं तर सांगत नाही. म्हणते, "अप्पांची शपथ आहे." घरात फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर तिच्या कुंड्या आहेत. त्यांत काय लावलंय ते मी कधी पाहिलं नव्हतं. आज डोकावलो.

ती बिननावाची पुडी होती ना? आकडा किती म्हणाली होतीस? तुझं ते पत्र कुठे ठेवलं ते सापडत नाही. बहुतेक कोणाच्या तरी खुर्चीखाली असेल.

लेखी कळव.

दादा

*

८ मे

दादा,

०.९. पाचांत दुसरी.

याने तुझा खोकला जाईल असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. अजून पंधरा दिवस राहिला तर छातीच्या डॉक्टरला दाखव, स्वतःला वाफेत निर्जंतुक करत बसू नकोस. कोंबांवर फरशी घालू नकोस. वर्षाने त्यांना जून पानं आली की मला पाठव. अर्ज सोबत आहे. पहिले तीन रकाने भर. तिसरा दोनदा वाच.

काढा तू स्वतः करणार असशील तर एकच सूचना. या वेळी पानं टाकून दे आणि पाणी पी.

किंतु